किडनी काढून ९ वर्षं झाली आणि आता मूत्राशयात गाठ. असा अनुभव कुणाला आहे का?

कृष्णाकाठ | ९ जून २०२४, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते. आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

माझे वडील, आमचे आप्पा, वय ६६. साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आता घरचा दीड एकर ऊस बघतात. २०१५ साली त्यांची डावी किडनी काढली. किडनीतून मूत्रवाहिनी निघते तिथे गाठ होती. त्यानंतर तपासण्या अगदी नेमाने झाल्या. पहिली २ वर्षं दर ३ महिन्यांनी मूत्राशयाची दुर्बीण, मग दर ६ महिन्यांनी. शेवटची तपासणी २०२० च्या एप्रिलमध्ये होती, तोवर लॉकडाऊन लागला. दवाखान्यात फोन केला तर सांगितलं, "५ वर्षं झाली ना? मग आता काही त्रास झाला तरच या." आम्ही घरी पेढे वाटले होते.

यंदा एप्रिलमध्ये आप्पांना एकदा लघवीला लाल झालं. एकदाच. दुखलं नाही, जळजळ नाही. दिवसभर उन्हात पाणी पाजत असतात, म्हणून आई म्हणाली उन्हाळी लागली असेल. सब्जा घातलेलं पाणी, धण्याचं पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी लघवी साफ. आप्पांनी मला सांगितलंसुद्धा नाही. ६ आठवड्यांनी पुन्हा तसंच झालं, या वेळी गुठळ्या पडल्या. काल सोनोग्राफी केली. मूत्राशयात साधारण २ सेंटिमीटरची गाठ आहे.

हा जुनाच कॅन्सर की नवा? ९ वर्षांनी असं होतं? आणि एकच किडनी असलेल्या माणसाला आता काय काय झेपेल?

---

सिस्टर_माई | १० जून, सकाळी ६:१५

बाळा, मी २८ वर्षं युरोलॉजीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलं, आता निवृत्त आहे. आधी हे ऐक. मूत्राशयातली २ सेंटिमीटरची गाठ बहुतेक वेळा दुर्बिणीतून, पोट न उघडता काढता येते. पेशंट २-३ दिवसांत घरी जातो. तेव्हा आज रात्री झोप.

९ वर्षांनी होतं का? होतं. किडनीच्या आतल्या पोकळीपासून मूत्रवाहिनी, मूत्राशय आणि पुढच्या नळीच्या सुरुवातीच्या भागापर्यंत आतून एकाच जातीचं अस्तर असतं. गोधडीला आतून एकच कापड लावावं तसं. विडी-सिगारेटचं विष लघवीत उतरतं आणि त्या सगळ्या कापडावरून वर्षानुवर्षं वाहतं. एका ठिकाणी भोक पडलं, तेवढा तुकडा कापून टाकला, तरी उरलेलं कापड तेच राहतं. आप्पा विडी ओढायचे का?

आणि सगळ्यांसाठी सांगते: न दुखता लघवीतून रक्त आलं, तर ते एकदाच येऊन थांबलं तरी दुर्बीण झालीच पाहिजे. दुखत असेल तर माणूस धावत येतो. न दुखणारं रक्त घरातच मुरतं.

---

कृष्णाकाठ | १० जून, सकाळी ८:०२

माई, मनापासून आभार. हो, विडी. १८ व्या वर्षापासून. ऑपरेशननंतर २ वर्षं पूर्ण बंद होती, मग शेतावर पुन्हा सुरू झाली. आम्हाला माहीत होतं. "एवढं मोठं सोसलंय, एखादी ओढली तर ओढू दे" असं आम्हीच म्हणायचो. आता ते आठवून फार वाईट वाटतंय.

---

सूक्ष्मदर्शक | १० जून, दुपारी १:३०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. कृष्णाकाठ, विडीबद्दल स्वतःला दोष देत बसू नका. आज सोडली तरी फायदा आहे, कारण ओढत राहिल्याने गाठ उलटण्याची शक्यता वाढते. एवढं आप्पांना शांतपणे सांगा.

आता काम. २०१५ चा बायोप्सी रिपोर्ट शोधा. लोक नुसतं "किडनीचा कॅन्सर" म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. किडनीच्या मांसात होतो तो रीनल सेल कॅन्सर. किडनीच्या पोकळीच्या अस्तरात होतो तो युरोथेलियल, जुन्या रिपोर्टांत त्याला ट्रान्झिशनल सेल किंवा टी.सी.सी. लिहिलेलं असतं. दोन्हींत किडनी काढतात, पण पुढची वागणूक पूर्ण वेगळी. युरोथेलियल कॅन्सरांपैकी ५ ते १० टक्केच वरच्या भागात, म्हणजे किडनीच्या पोकळीत किंवा मूत्रवाहिनीत होतात, बाकी मूत्राशयात. वरच्या भागातल्यासाठी किडनीबरोबर अख्खी मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयाला जिथे मिळते तिथला छोटा गोलाकार तुकडाही काढतात. त्याला ब्लॅडर कफ म्हणतात. तो काढल्याची नोंद आहे का ते बघा.

या ऑपरेशननंतर मूत्राशयात गाठ येण्याचं प्रमाण २२ ते ४७ टक्के सांगितलं जातं. त्यातल्या बहुतेक पहिल्या २ वर्षांत येतात, म्हणून सुरुवातीला दर ३ महिन्यांनी दुर्बीण. पण शक्यता शून्यावर कधीच येत नाही. जास्त जोखमीच्या पेशंटला ५ वर्षांनंतरही वर्षातून एकदा तपासणी चालू ठेवावी असं युरोपच्या युरोलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. "५ वर्षं झाली, सुटलो" हा हिशेब इतर काही कॅन्सरांत बऱ्यापैकी चालतो, इथे चालत नाही.

जुना की नवा, याचं उत्तर दोन तऱ्हांनी देतात. एक, वरच्या गाठीच्या पेशी लघवीबरोबर खाली वाहत येऊन रुजल्या. दोन, अस्तरच बिघडलेलं असल्यामुळे दुसऱ्या जागी स्वतंत्र गाठ उगवली. लवकर येणाऱ्या गाठींत पहिलं कारण जास्त असावं. ९ वर्षांनी आलेल्या गाठीत मला दुसरं जास्त पटतं.

---

मधुरा_ना | १० जून, दुपारी ३:१०

माझ्या आईची किडनी २००९ मध्ये काढली, रीनल सेल. १३ वर्षांनी, २०२२ मध्ये, स्वादुपिंडात डाग दिसला आणि तपासलं तर तोच कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर असा दबा धरून बसू शकतो. मग आईनेही दरवर्षी दुर्बीण करायला हवी होती का?

---

सूक्ष्मदर्शक | १० जून, दुपारी ३:४५

नाही मधुराताई, आईंना दुर्बिणीची गरज नव्हती. त्यांचा कॅन्सर रक्तातून दूर जाणारा. उशिरा उलटला तर फुप्फुस, हाडं, कधी स्वादुपिंड, म्हणून तिथे सी.टी. स्कॅन बघतात. १० वर्षांनंतर उलटणं या प्रकारात नवलाचं नाही. आप्पांचं दुखणं अस्तराचं, म्हणून दुर्बीण. यासाठीच रिपोर्टवरचे शब्द महत्त्वाचे.

---

गोदातीर | १० जून, सायंकाळी ७:२०

आमच्या गावाकडे मूतखडा, लघवीचं रक्त, सगळ्यावर एक मुळी देतात. माझ्या चुलत्यांना गुण आला होता. ऑपरेशनच्या आधी ८ दिवस देऊन बघायला काय हरकत आहे? पत्ता कळवू शकतो.

---

वैद्य_कोकण | १० जून, रात्री ९:०५

गोदातीर, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. मी स्वतः आयुर्वेदाचा वैद्य आहे आणि कळकळीने सांगतो, नाव माहीत नसलेली मुळी या पेशंटला देऊ नका.

ईश्वरी, जिला आपल्याकडे सापसंद म्हणतात, तिच्या कुळातल्या वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. ते किडनी खराब करतं आणि नेमका याच अस्तराचा कॅन्सर करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत चुकून याच कुळातली चिनी वनस्पती गेली. अनेक बायकांच्या किडन्या निकामी झाल्या आणि पुढे काही वर्षांनी त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला. बाल्कन देशांत डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या गावांत पिढ्यान् पिढ्या किडनीचा आजार आणि हा कॅन्सर का, याचं उत्तरही गव्हाच्या शेतात वाढणाऱ्या याच कुळातल्या तणात सापडलं. तिचं बी गव्हाबरोबर दळलं जायचं.

सब्जा, धण्याचं पाणी याने अपाय नाही. पण त्याने रक्त थांबलं असं वाटलं आणि ६ आठवडे गेले. हे रक्त आपोआपच थांबतं आणि पुन्हा येतं. तुमच्या चुलत्यांचंही रक्त तसंच थांबलं असेल, तर त्यांनाही एकदा तपासून घ्या.

---

गोदातीर | १० जून, रात्री १०:३०

वाचलं. चुलत्यांना उद्याच फोन करतो. पत्ता देत नाही.

---

कृष्णाकाठ | १३ जून, रात्री ९:५०

रिपोर्ट मिळाला, पण सहज नाही. ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात सांगितलं, एवढी जुनी फाइल नाही. नियमाने ३ वर्षं ठेवतात म्हणे. शेवटी आईच्या लोखंडी ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद निघाले. एकही हरवला नव्हता.

लिहिलंय: टी.सी.सी., किडनीच्या पोकळीत, हाय ग्रेड (म्हणजे जोमाने वाढणाऱ्या जातीची), स्टेज टी १, कडा मोकळ्या (कापलेल्या कडांवर गाठ नाही). ब्लॅडर कफ काढलेला आहे. ऑपरेशननंतर मूत्राशयात औषध सोडल्याची नोंद मात्र दिसत नाही.

---

सूक्ष्मदर्शक | १३ जून, रात्री १०:२०

आईंना नमस्कार सांगा. मंडळी, हे सर्वांसाठी: ३ वर्षांचा नियम खरा आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत तो आहे. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असंही तिथेच आहे. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच सगळं मागून घ्या.

तुम्ही म्हणता ते औषध म्हणजे मायटोमायसिन किंवा तत्सम केमोचा एकच डोस, कॅथेटरमधून म्हणजे लघवीच्या नळीतून मूत्राशयात. ब्रिटनमधल्या एका चाचणीत, २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली, पहिल्या वर्षात मूत्राशयात गाठ येण्याचं प्रमाण त्याने सुमारे २७ वरून १७ टक्क्यांवर आलं. २०१५ मध्ये ते सगळीकडे रुळलेलं नव्हतं. आणि तो डोस पहिल्या वर्षाचा धोका कमी करतो. ९ वर्षांनंतरची गाठ त्याने टळली असती असं मला म्हणता येणार नाही. त्या विचारात रात्र घालवू नका.

एक प्रश्न विचारतो, नाजूक आहे. निदान झालं तेव्हा आप्पा ५७ चे होते. त्यांच्या रक्ताच्या नात्यात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर कुणाला झाला होता का?

---

कृष्णाकाठ | १३ जून, रात्री १०:४१

माझी आजी, आप्पांची आई, ४८ व्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. धाकटे काका ४४ व्या वर्षी आतड्याच्या. हे असं एकत्र कुणी कधी विचारलंच नव्हतं. का विचारताय?

---

सूक्ष्मदर्शक | १३ जून, रात्री ११:१५

लिंच सिंड्रोम नावाची आनुवंशिक अवस्था आहे. पेशी विभागताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारं जनुक त्यात बिघडलेलं असतं. आतडं आणि गर्भाशय हे तिचे मुख्य अवयव, पण किडनीची पोकळी आणि मूत्रवाहिनीही यादीत आहे. साठीच्या आत वरच्या भागातला युरोथेलियल कॅन्सर झाला आणि घरात असा इतिहास असला, तर हे तपासायचंच असतं. असेलच असं नाही, विडी हे कारण समोर आहेच. तपासणी सुरू करायला आप्पांना टोचावंही लागत नाही. काढलेल्या गाठीवर विशेष रंगांची तपासणी करतात. पॅथॉलॉजी लॅबमध्ये गाठीचे मेणाचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, असतात. आता नवी गाठ निघणारच आहे, जुना ब्लॉक मिळाला तर उत्तम. डॉक्टरांना नुसतं सांगा, घरात हा इतिहास आहे.

---

लीड्सकर | १४ जून, पहाटे २:१०

मूळचा सोलापूरचा, २० वर्षं इंग्लंडमध्ये. २०१८ मध्ये माझ्या मूत्राशयातून छोटी गाठ काढली, लो ग्रेड. इथे मला ३ महिन्यांनी आणि १२ महिन्यांनी दुर्बीण केली आणि नंतर सोडून दिलं. इथल्या सरकारी सूचना कमी जोखमीच्या पेशंटला तसंच सांगतात. वरचं सगळं वाचून छातीत धडधडतंय. मला लवकर सोडलं का?

---

सिस्टर_माई | १४ जून, सकाळी ६:३०

दादा, तुमची गाठ एकटी, छोटी आणि लो ग्रेड. आप्पांची हाय ग्रेड, तीही वरच्या भागातली. एकाच घराण्यातले पण स्वभाव वेगळे. तुम्हाला सोडलं ते नियमाला धरून. रक्त दिसलं तर मात्र तारखेची वाट बघायची नाही.

---

पिशवीवाले_काका | १४ जून, सकाळी ११:००

मी ७१ वर्षांचा, बडोद्याला असतो. ४० वर्षं रंगाच्या कारखान्यात. या धंद्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात हे १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जनने लिहून ठेवलं आहे. मला ते २०१४ मध्ये, मूत्राशय काढल्यावर कळलं. आतड्याच्या तुकड्यातून वाट काढून पोटावर पिशवी लावली आहे, तिच्यासोबत १० वर्षं झाली.

माझी गोष्ट आप्पांच्या उलटी. त्यांची गाठ वरून खाली आली, माझी खालून वर. २०२१ मध्ये, ७ वर्षांनी, उजव्या मूत्रवाहिनीत गाठ. मला काहीही त्रास नव्हता. मुलगी दरवर्षी सी.टी. करायला लावायची आणि मी तिच्यावर चिडायचो, की मूत्राशयच नाही तर बघायचं काय. त्याच सी.टी.त दिसली. उजवी किडनी गेली, मी आहे.

एका किडनीवर राहण्याचं सांगतो. गुडघे दुखले म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन तर नाहीच. सी.टी.च्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, बघायला सांगा आणि एकच किडनी आहे हे प्रत्येक ठिकाणी आपण होऊन बोला. समोरचा कागद वाचेलच असं नसतं. आणि एक, माझ्या डॉक्टरांनी सांगितलेलं: या कॅन्सरचं मुख्य केमो, सिसप्लॅटिन, चांगल्या किडनीवर अवलंबून असतं. उरलेली किडनी सांभाळली तर पुढे गरज पडल्यास औषधांचा पर्याय हातात राहतो.

---

कृष्णाकाठ | २९ जून, रात्री १०:००

उशिरा लिहितेय, माफ करा. २० तारखेला दुर्बिणीतून गाठ काढली. तिसऱ्या दिवशी घरी आलो. काल रिपोर्ट आला. हाय ग्रेड, टी १. म्हणजे अस्तराखालच्या थरात शिरली आहे. स्नायूत शिरली का ते सांगता येत नाही, कारण तुकड्यांत स्नायूच आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, पुन्हा एकदा दुर्बिणीतून त्याच जागेचा खोल तुकडा घ्यायचा. दुसऱ्यांदा भूल? पहिल्यांदा काही चुकलं का?

आज आळंदीहून माउलींचं प्रस्थान झालं. आप्पा दरवर्षी लोणंदपासून चालतात. आज टीव्हीसमोर बसून होते. काही बोलले नाहीत.

---

सिस्टर_माई | ३० जून, सकाळी ६:००

चुकलं असं समजू नकोस. मूत्राशयाची भिंत पातळ असते, सर्जन पहिल्यांदा बेताने कापतो. टी १ निघाला किंवा स्नायू आला नाही, तर २ ते ६ आठवड्यांत पुन्हा बघायचं हा ठरलेला नियम आहे. हे टाळणारा डॉक्टर असता तर मला काळजी वाटली असती. स्नायू मोकळा आहे की नाही यावर पुढचं सगळं ठरतं. मोकळा असेल तर बहुधा मूत्राशय ठेवून त्यात बी.सी.जी. ही क्षयाची लस सोडायची, नसेल तर मूत्राशय काढण्याचं बोलणं.

खर्चाचं बघितलंस का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेट, भरती झाल्यावर नाही.

---

कृष्णाकाठ | १ ऑगस्ट, रात्री ९:१५

२२ जुलैला दुसरी दुर्बीण झाली. या वेळी स्नायू आला आणि तो मोकळा आहे. जागेवर काही उरलेलं नाही. सी.टी.मध्ये उजवी किडनी आणि मूत्रवाहिनी साफ. फोनवर ऐकलं तेव्हा मी बसस्टँडवर होते, तिथेच खाली बसले.

ऑगस्टच्या मध्यापासून बी.सी.जी., आठवड्यातून एकदा, ६ वेळा. क्षयाची लस मूत्राशयात कशासाठी, असं आप्पा विचारतात. मला नीट सांगता आलं नाही.

---

वैद्य_कोकण | १ ऑगस्ट, रात्री १०:१०

आप्पांना असं सांगा. शरीराची राखण करणाऱ्या पेशी या गाठीकडे कानाडोळा करतात. बी.सी.जी.चे कमजोर केलेले जिवंत जंतू आत सोडले की त्या जाग्या होतात, मूत्राशयात धावत येतात आणि जंतूंबरोबर बिघडलेल्या पेशीही झोडपतात. १९७६ मध्ये कॅनडातल्या मोरालेस यांनी हे प्रथम दाखवलं. आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही हे औषध तयार होतं.

---

पिशवीवाले_काका | २ ऑगस्ट, सकाळी ७:४०

मूत्राशय काढायच्या आधी मी बी.सी.जी. घेतली होती. औषध साधारण २ तास धरून ठेवायचं, अधूनमधून कूस बदलायची. नंतरचे ६ तास बसूनच लघवी करायची, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. प्रत्येक वेळी भांड्यात ब्लीच ओतून १५ मिनिटांनी पाणी सोडायचं. जंतू जिवंत असतात, घरात लहान मूल असेल तर हे पाळाच. एक-दोन दिवस जळजळ, कणकण येते. ताप चढला आणि उतरेना, तर तडक दवाखाना. आणि ज्या दिवशी लघवीत रक्त दिसत असेल त्या दिवशी डोस घ्यायचा नाही. दवाखान्यात कुणी विचारलं नाही तरी आप्पांनी सांगायचं.

---

कृष्णाकाठ | २८ सप्टेंबर, रात्री ११:०५

६ डोस झाले. चौथ्यानंतर दोन दिवस ताप होता, उतरला. आप्पांनी २० जूनपासून विडीला हात लावलेला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या दुर्बिणीच्या तारखेभोवती त्यांनी स्वतः गोल केला आहे. आता दर ३ महिन्यांनी, आणि ५ वर्षांनंतरही दरवर्षी. या वेळी मी डॉक्टरांकडून ते कागदावर लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट. नव्या गाठीवर त्या रंगांच्या तपासण्या केल्या. दुरुस्ती करणाऱ्या ४ प्रथिनांपैकी २ दिसत नाहीत, एम.एस.एच. २ आणि ६. नवी मुंबईला टाटाच्या खारघर केंद्रात जनुकांचा विभाग आहे, तिथे आप्पांचं रक्त दिलं. परवा निकाल आला. लिंचच आहे. मी आणि माझा भाऊ, प्रत्येकाला असण्याची शक्यता निम्मी. काकांनाही तेच असलं असेल, तर त्यांच्या दोन मुलांनाही तेवढीच. मी ३६ वर्षांची आहे. माझं रक्त सोमवारी देणार. असेल तर दर १-२ वर्षांनी आतड्याची दुर्बीण, गर्भाशयाचंही वेगळं बघणं.

काकूंना अजून सांगितलेलं नाही. काका गेले तेव्हा थोरला १२ वर्षांचा होता, आता २५ चा आहे, आणि काकू कॅन्सर हा शब्दही घरात उच्चारू देत नाहीत. दसऱ्याला सगळे आमच्याकडे येणार आहेत. ज्यांनी घरात हे असं सांगितलं आहे, त्यांनी सुरुवात कशी केली? आधी काकूंशी बोलू की थेट मुलांशी?

---

मधुरा_ना | २८ सप्टेंबर, रात्री ११:३२

आधी काकूंशी. पण दसऱ्याला नको ग. त्याआधी एखाद्या दुपारी त्यांच्याकडे जा, आप्पांना बरोबर घेऊन. दिराच्या तोंडून ऐकलेलं वेगळं असतं.

---

कृष्णाकाठ | २९ सप्टेंबर, सकाळी ७:००

आप्पांना विचारलं. म्हणाले, "मीच सांगतो. भावाची पोरं आहेत." बुधवारी जातोय.